सुरणाचं बारसं

अख्तरुन्निसा सरखोत या बाईला अख्खं हॉस्पिटल टरकून होतं. वाशीतलं हे लहान मुलांच्या हृदयाचं हॉस्पिटल, पाच मजली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूची ती सिस्टर इन्चार्ज. डॉक्टर आशुतोष म्हणजे केवढे मोठे सर्जन! पण तेही तिच्या दारातून आत येताना आपले बूट रॅकवर सरळ लावलेत का, हे वळून बघायचे. दारावर तिनं स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता : 'इथे मोठ्याने हसू नये. हळू हसलेलंही मला ऐकू येतं.' आणि खरंच यायचं हो. ईश्वरी नावाची नवी नर्स एकदा ड्रेसिंगच्या कपाटात तोंड खुपसून हसली, तर पलीकडच्या टोकाहून आवाज आला, "ईश्वरी, हसून झालं असेल तर तीन नंबरचं डायपर बदल."

तर अशा या बाईची एक खोड होती. तिच्याकडे येणाऱ्या बाळांना बहुतेक वेळा नावच नसायचं. जन्मून आठ-दहा दिवस झालेले जीव, काळजात काहीतरी उलटसुलट, धावतपळत आणलेले. कागदावर आईचं नाव घालून 'अमकीचं बाळ' एवढंच. मग अख्तर सिस्टर त्यांना भाज्यांची नावं ठेवायची. तिचा नवरा कासिम वाशीच्या घाऊक बाजारात भाजीचा व्यापारी, त्यामुळे नावांचा तुटवडा कधी पडला नाही. फळ्यावर ओळीनं लिहिलेलं असायचं : एक नंबर दोडका, दोन नंबर तोंडली, तीन नंबर अळू. राउंडला मोठमोठे डॉक्टर गंभीर चेहरा करून म्हणायचे, "दोडक्याचं बीपी बरं आहे. तोंडलीला आज दूध सुरू करू." पहिल्या दिवशी ईश्वरीला वाटलं, चुकून कॅन्टीनच्या मीटिंगला आले की काय.

नियम कडक होता. श्वासाची नळी तोंडात आहे तोवर भाजी. नळी निघून चोवीस तास नीट गेले, की मग आईबापांनी हवं ते नाव ठेवावं, पेढे वाटावेत, काय वाट्टेल ते करावं. त्याआधी कुणी खरं नाव तोंडातून काढलं, तर बाई अंगावर यायची. "नजर लागते," एवढंच सांगायची, पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती. घरीही तीच तऱ्हा. बहिणीचा मुलगा एकवीस वर्षांचा घोडा झालेला, ऐरोलीत कंपनीत नोकरीला, दाढीबिढी राखलेली, पण त्याला ती जन्मापासून 'नारळ' म्हणत आली. तोही बिचारा चारचौघांत ओ द्यायचा.

गेल्या महिन्यात चार नंबरच्या खाटेवर आला सुरण. कागदावर 'स्मिताचं बाळ'. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींच्या जागी चिकटलेल्या, म्हणून जन्मतःच निळसर. बाराव्या दिवशी इतरांची बारशी होतात, त्या दिवशी हा पठ्ठ्या ऑपरेशनच्या टेबलावर होता. डॉक्टर आशुतोषांनी सात तास उभं राहून वाहिन्या जागच्या जागी शिवल्या. हृदय झकास चालायला लागलं. अडलं ते भलत्याच ठिकाणी. सुरण स्वतःहून श्वास घेईना.

म्हणजे घ्यायचा, पण विसरायचा. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी नळी काढली, तर घशाला सूज येऊन शिट्ट्या वाजायला लागल्या. पाऊण तासात नळी परत आत. नवव्या दिवशी सूज नव्हती. दोन तास साहेबांनी छान श्वास घेतले आणि मग कंटाळा आल्यासारखे बंदच केले. परत नळी. तपासण्या झाल्या, फुप्फुसं चांगली, पोटावरचा पडदा हलतोय, मेंदूचा फोटो स्वच्छ. शेवटी श्वासाची आठवण राहावी म्हणून त्याला कॉफीतलं औषध सुरू केलं. हो, खरंच असतं तसलं औषध. "आईचं दूध मिळालं नाही अजून, पण कॉफी चालू," आयसीयूतला नर्स कुलदीप ब्रदर म्हणाला आणि अख्तर सिस्टरकडे बघून लगेच गप्प झाला.

डॉक्टरांनी स्मिताला समोर बसवून सांगितलं, "बुधवारी तिसऱ्यांदा नळी काढतो. या वेळीही नाही जमलं, तर गळ्याला भोक पाडून तिथून नळी बसवावी लागेल. काही महिने तरी." स्मिता पंचवीस-सव्वीस वर्षांची, हडकुळी, दोन आठवडे आयसीयूच्या दारातल्या खुर्चीवर बसून. तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. तिनं मान हलवली. त्या दिवशी तिनं डबा उघडलाच नाही, ते अख्तर सिस्टरनं काचेतून पाहिलं आणि आतल्या आत चरफडली.

मंगळवारी अवतरली बाळाची आत्या. गीतांजली. ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चाळीस माणसांवर हुकूम चालवणारी, आणि तशीच दणक्यात चालणारी. बाळाच्या नावासाठी तिनं तीन महिने आधीपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. त्रेपन्न नावं, तीन फेऱ्या मतदान, शेवटी 'हृयांश' हे नाव बहुमतानं निवडून आलं होतं. त्याचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता, पण तेच तर हवं होतं. तर ही आत्या काचेला नाक लावून आत बघते, तो समोर फळा.

"हा सुरण कोण?"

"तुमचाच," अख्तर सिस्टर दारात येऊन म्हणाली.

"माझ्या भाच्याला तुम्ही सुरण म्हणता?"

"दुधी ठेवणार होते, पण दुधी ऑलरेडी पाच नंबरला हाय."

गीतांजलीचा चेहरा असा झाला की ईश्वरी पाठ फिरवून सलाईनच्या बाटल्या मोजायला लागली. मग जी काय जुंपली म्हणता! आत्याचं म्हणणं, बाळाचं बारसं राहिलंय, नाव कानात पडलेलं नाही, म्हणूनच हे सगळं होतंय. "अहो, ज्याला नावच नाही, तो हाकेला ओ कशी देणार? मी आत येते, कानात नाव सांगते, बघा कसा श्वास घेतो ते!" अख्तर सिस्टरचं म्हणणं, नळी निघून चोवीस तास होईस्तोवर नाव नाही म्हणजे नाही. एवढ्यात गीतांजली शिंकली. एक नाही, लागोपाठ तीन.

"सर्दी हाय?"

"नाही, धुळीची अ‍ॅलर्जी."

"अ‍ॅलर्जीला नाक असं लाल होत नाय. नाव राहू द्या, तुमी आत यायचं पण नाय. बाहेर!"

दार बंद झालं. अख्तर सिस्टर तशीच चादरींच्या खोलीत गेली आणि पाच मिनिटं उभी राहिली. तिला राग आला नव्हता. तिला भीती वाटत होती.

एकवीस वर्षांपूर्वी ती नवीन नर्स होती. असंच एक बाळ नळीवर होतं. नळी काढायच्या दिवशी सकाळी त्याच्या आईनं कौतुकानं त्याचं नाव ठेवलं, शादाब, आणि अख्तरनं दिवसभर त्याला त्या नावानं लाडानं हाका मारल्या. संध्याकाळी ते बाळ गेलं. ते हाकांमुळे गेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारणं कागदावर लिहिलेली होती, तिनं दहादा वाचली होती. पण त्याच आठवड्यात श्रीवर्धनला तिच्या बहिणीला मुलगा झाला आणि आजोबांनी नेमकं तेच नाव ठेवलं. तेव्हापासून तो नारळ. तेव्हापासून भाज्या. हे तिनं कासिमलाही कधी सांगितलं नव्हतं.

बुधवार उजाडला. चार तास सुरणाचं पोट रिकामं ठेवलं होतं, त्यामुळे तो आधीच खवळलेला. घसा साफ केला, गालांवरच्या चिकटपट्ट्या तेल लावून सोडवल्या, डॉक्टर आशुतोषांनी सकाळी अकराला नळी ओढून काढली. नाकात हवेच्या दोन बारीक नळ्या बसवल्या. स्मिताला गाऊन-मास्क घालून आत घेतलं. सुरणानं तोंड वेडंवाकडं केलं आणि चोंदलेल्या भोंग्यासारखा आवाज काढला. नळी इतके दिवस घशात होती, आवाज घोगराच असायचा. पण रडला! स्मितानं मास्कवरूनच तोंड दाबून धरलं.

अर्धा तास मस्त गेला. मग मॉनिटर किणकिणला. सुरण श्वास विसरला होता.

"ए सुरण!" अख्तर सिस्टरनं तळपायाला टिचकी मारली. "श्वास घे!" घेतला. दहा मिनिटांनी परत तेच. टिचकी, श्वास. सहा मिनिटांनी परत. या वेळी टिचकीनं भागेना, पाठीवरून हात फिरवावा लागला. पुढच्या वेळी ऑक्सिजनचा आकडा साठाच्या घरात गेला आणि मास्कनं हवा द्यावी लागली. डॉक्टर आशुतोष कुलदीप ब्रदरला म्हणाले, "नळीचं पाकीट आणून ठेव."

स्मितानं ते ऐकलं. ती खाटेचा दांडा धरून उभी राहिली. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली अख्तर सिस्टरला दिसली.

"डॉक्टर, थांबा थोडं," बाई म्हणाली.

"पाच मिनिटं, सिस्टर. जास्त नाही."

ती तरातरा काचेपाशी गेली. पलीकडे गीतांजली हातात कागद धरून सकाळपासून उभी, कागदावर ठळक अक्षरांत 'हृयांश'. दारातल्या इंटरकॉमचा फोन उचलून अख्तर सिस्टर म्हणाली, "हे नाव नको."

"म्हणजे?"

"असलं चिकणंचोपडं नको. नजर लागण्यासारखं नको. एकदम रद्दी नाव सांगा. तरच कानात सांगेन."

गीतांजलीनं तोंड उघडलं ते भांडायला. पण आतली खाट, तिच्याभोवतीची माणसं आणि डॉक्टरांच्या हातातलं नळी घालायचं चकाकतं यंत्र तिला दिसलं, आणि भांडण कुठल्या कुठे गेलं. ती म्हणाली, "कोंडिबा."

"काय?"

"आमचे खापरपणजोबा. त्यांच्या आधीची चार भावंडं जगली नाहीत. म्हणून पाचव्याला सुपातल्या कोंड्यात लोळवलं आणि कोंडिबा नाव ठेवलं, यमाला वाटावं, हे काय न्यायच्या लायकीचं नाही." तिला शिंक आली, ती तिनं कोपरात दाबली. "एक्क्याण्णव वर्षं जगले, सिस्टर. शेवटपर्यंत सुपारी फोडायचे दातांनी."

अख्तर सिस्टरनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू सख्खी बहीण भेटली. "हां. आत्ता कसं बोललात!"

"पण नुसतं नाव सांगून नाही चालत," गीतांजली घाईघाईनं म्हणाली. "आधी कानात कुर्रर्र म्हणायचं, मग नाव. आणि नाव सांगताना बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. त्याशिवाय बारसं लागत नाही."

"आत्या तर तुमी. तुमी तर बाहेर."

"मग आजच्यापुरत्या तुम्ही आत्या."

अख्तर सिस्टर खाटेपाशी परतली, बाळाच्या कानाशी वाकली आणि मास्कमधून म्हणाली, "कुर्रर्र... कोंडिबा!" मग मान वर न करता गुरकावली, "ईश्वरी! घाल धपाटा!"

ईश्वरीला वाटलं, आपल्या कानात बिघाड झाला. "सिस्टर, मी? तुम्हाला?"

"घालतेस की मेमो देऊ?"

ईश्वरीनं डोळे मिटून हळूच टपली मारली. सुरणानं, नाही, कोंडिबानं एक डोळा किलकिला केला. काचेपलीकडून गीतांजली हातवारे करून ओरडत होती, "जोरात! जोरात!" कुलदीप ब्रदर पुढे झाला. गेली सहा वर्षं रजेचा प्रत्येक अर्ज परत आला होता त्याचा. त्यानं धप्पकन एक ठेवून दिली. बाईच्या तोंडून "हुंक!" असा आवाज निघाला, तो थेट बाळाच्या कानात. बाळ दचकलं, दोन्ही हात फेकले, एक श्वास घेतला.

"लागू पडतंय!" डॉक्टर आशुतोष ओरडले, आणि हातातलं यंत्र खाली ठेवून रांगेत उभे राहिले. अहो, खरंच सांगते, एवढा मोठा सर्जन रांगेत! त्यांनी धपाटा घालताना "सॉरी, सिस्टर" म्हटलं, पण घातला मात्र मनापासून. सफाईच्या मावशींनी घातला. एक्स-रे काढायला आलेल्या पोरीनं, काय चाललंय ते न विचारता, एक घालून घेतला. दर धपाट्याला बाई म्हणायची, "कुर्रर्र कोंडिबा, हुंक!" आणि दर वेळी बाळ एकेक श्वास घ्यायचं. पण एकेकच. रडं काही फुटेना, आणि आकडा सत्तरच्या वर सरकेना.

"आता तू," अख्तर सिस्टर स्मिताला म्हणाली.

स्मितानं मानेनं नाही म्हटलं.

"आई हायेस ना त्याची? घाल!"

आणि त्या हडकुळ्या पोरीनं, जिचा आवाज दोन आठवड्यांत कुणी ऐकला नव्हता, असा एक रट्टा घातला की अख्तर सिस्टरचा चष्मा उडून बाळाच्या पायाशी पडला. दोन आठवड्यांचं जागरण, न उघडलेले डबे, ते 'गळ्याला भोक', सगळं त्या एका हातात उतरलं होतं. "ऊठ रे!" ती किंचाळली. "ऊठ रे कोंडिबा!"

कोंडिबा रडला. साधंसुधं नाही, पाय आपटून, तोंड लालबुंद करून, घोगऱ्या आवाजात, थांबायचं नावच नाही. आकडा ऐंशी, मग अठ्ठ्याऐंशी, मग पंच्याण्णव. स्मिता तिथेच खाली बसली आणि त्याच्याहून मोठ्यानं रडायला लागली. दारावरचा कागद कुणाच्याही लक्षात राहिला नाही. आयसीयूत सगळे मोठमोठ्यानं हसत होते, आणि सगळ्यात मोठ्यानं अख्तर सिस्टर.

पण हे एकदाच करून भागणार नव्हतं. मॉनिटर किणकिणला की बारसं. दुपारी दोनपर्यंत नऊ वेळा बारसं झालं. बातमी खालपर्यंत गेली. कॅन्टीनवाला धर्मराज, ज्याला बाईनं पातळ चहाबद्दल दोनदा मॅनेजरसमोर उभं केलं होतं, तो हात धुऊन, गाऊन चढवून, "काही मदत लागली तर..." म्हणत वर आला. पाचव्या मजल्यावरच्या हिशेबनीसांनी फोन करून विचारलं, नंबर लावावा लागतो का. अख्तर सिस्टरनं सगळ्यांना हाकललं, पण धर्मराजला एक घालू दिला. चहा खरंच सुधारला होता.

संध्याकाळी पाचनंतर बाळ तिचा चष्मा खाली वाकताना दिसला तरी घाबरून श्वास घ्यायला लागलं. सहानंतर किणकिणणं थांबलं.

घरी सानपाड्याला कासिमनं पाठीला बाम चोळता चोळता विचारलं, "कोणी मारलं गो तुला एवढं?"

"सगळ्यांनी," ती म्हणाली आणि उशीत तोंड घालून हसत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता चोवीस तास पुरे झाले. बाळाचा बाप विश्वजित पुण्याहून कामावरून थेट आला होता. त्यानं मुलगा छातीशी धरला, डोळे पुसले, मग मनगटावरची नवी पट्टी वाचली. "कोंडिबा? ताई, हृयांशचं काय झालं? हा ऐरोलीच्या शाळेत जाणार आहे!"

"जाऊ दे की," गीतांजली दारातूनच, मास्कच्या आतून म्हणाली. "आधी जातोय ते बघ."

तिनं अख्तर सिस्टरच्या हातात एक पिशवी दिली. आत साडी होती, मोरपंखी. "बारशाला आत्याचा मान असतो," ती म्हणाली. "माझीच होती. आता तुमची."

अख्तर सिस्टरनं पिशवी छातीशी धरली आणि गीतांजलीला रुमाल नीट धरून शिंकण्याबद्दल झापलं. मग कोंडिबा वॉर्डात गेला. तिनं फळ्यावरचं 'सुरण' पुसलं, ईश्वरीला दोन कामं सांगितली, दारावरचा, कालच्या गर्दीत फाटलेला कागद पुन्हा चिकटवला आणि चादरींच्या खोलीत जाऊन मोबाईल काढला. बराच वेळ नुसता हातात धरला. पाठ ठणकत होती. शेवटी तिनं ऐरोलीला नारळाला फोन लावला.

"हॅलो?"

तिनं घसा खाकरला.

"शादाब," ती म्हणाली. "जेवलास का रे, शादाब?"

पलीकडून पोराचा घाबराघुबरा आवाज आला, "खाला? खाला, काय झालं? तू रडतेस काय? बरी हायेस ना? थांब, मी आत्ताच्या आत्ता निघतो!"